दोघांत एकच टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. आता नाक मुरडू नका! तुमच्या अंगाचा कानाकोपरा मला ठाऊक असतो, तरी आजवर मी कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. आज काढणार आहे. फार दिवस पोटात ठेवलं, आता राहवत नाही.

मी जुळा. आम्ही दोघे भाऊ एकाच मागावर विणले गेलो. निळा रंग, पांढरे काठ, मऊ अंग. एकाच खोक्यात, चकचकीत कागदात गुंडाळून आम्हाला एका लग्नात भेट दिलं. देणारी नवऱ्या मुलाची मावशी होती. ती म्हणाली, "एक तुला, एक हिला. भांडू नका रे."

भांडायची वेळच आली नाही. घरात खोकं उघडलं आणि सासूबाई म्हणाल्या, "दोन-दोन कशाला काढायचे? एक वापरा. दुसरा पाहुण्यांसाठी राहू दे." माझा भाऊ पुन्हा कागदात गेला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर बसला. मी न्हाणीघराच्या दाराजवळच्या खिळ्यावर आलो. पाहुणे काही कधी आले नाहीत.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. दिवसभर जाडजूड विजार घालून धगीसमोर उभा, अंगातून नुसत्या घामाच्या धारा. घरी यायचा तेव्हा अंगाला पावाचा वास आणि भुवयांवर पीठ. बायको चपलांच्या दुकानात होती. "दिवसभर लोकांचे पाय बघायचे आणि घरी येऊन तुमचे," असं म्हणून ती हसायची. तिचं हसू फार मोठं होतं, शेजारच्या घरात ऐकू जायचं.

तो मुद्दाम मला न घेता आंघोळीला जायचा. मग आतून हाक यायची, "अगं, टॉवेल!" ती दाराच्या फटीतून हात आत घालायची, द्यायची आणि मागे ओढायची. "आधी म्हणा, मी विसरभोळा आहे." "आहे बाई, आहे! दे आता, गारठलो!" या ओढाताणीत माझा एक काठ उसवला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

एकदा तिने त्याचे पाय बघितले. "अहो, बोटांच्या बेचक्यात कातडी सोललीय. दाखवा ना कुणाला तरी."

"बूट घालणाऱ्यांचे पाय असेच असतात. तू काय चपलांची डॉक्टरीण?"

तिथे विषय संपला. तो रोज आधी पाय पुसायचा, मग माझ्या त्याच टोकाने जांघा पुसायचा. मी काय करणार? मला जिकडे नेतील तिकडे मी जातो. पाठोपाठ तीही मलाच घ्यायची. मी सकाळपासून ओलाच असायचो.

आणि दोरीचं सांगायचं राहिलंच. सासूबाईंची एक शिस्त होती. आतले कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत. "चारचौघांच्या नजरेला कशाला पडायला हवेत?" म्हणून आधी ते कपडे दोरीवर, आणि त्यांच्यावर मी. सून पहिल्यांदा म्हणाली होती, "आई, खालचे वाळतच नाहीत हो." सासूबाई म्हणाल्या, "वाळतात गं. आमचा जन्म गेला असेच वाळवण्यात." माझी पाठ उन्हात तापायची, आणि पोटाखाली सगळं दमट, कुबट. तसेच ते कपडे तो दुसऱ्या दिवशी घालून भट्टीसमोर उभा राहायचा.

मग व्हायचं तेच झालं. त्याला जांघेत नायटा झाला. आधी थोडी खाज, मग लाल कडा, मग ती कड पसरत मांडीवर उतरली. त्याने कुणालाही सांगितलं नाही. न्हाणीघरात कडी लावून त्याने त्यावर लिंबू चोळलं. माझा एक कोपरा दातांत धरून तो असा काही विव्हळला की माझा जीव अर्धा झाला. बेकरीतल्या पीठ मळणाऱ्याने त्याला एक ट्यूब दिली, "हे लाव, दोन दिवसांत गायब." गायब झालंही. त्याने ट्यूब बंद केली आणि ते दुप्पट होऊन परत आलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. कातडी पातळ होत चालली होती.

तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. तिला म्हणाला, "पाठ धरलीय, जमिनीवर बरं वाटतं." ती जवळ आली की उठून जायचा. हाक मारणं बंद झालं. मला खांद्यावर टाकूनच तो आंघोळीला जाऊ लागला. वेड्या, सांग ना तिला! मी रोज मनात ओरडायचो. टॉवेलचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

एक दिवस ती आंघोळ करून मला गुंडाळायला गेली आणि थबकली. तिच्याही मांडीवर तीच लाल कड होती. ती खालीच बसली. नवरा दूर झोपतो, खिशात कसलीशी ट्यूब लपवतो, नजर चुकवतो, आणि आता हे. तिच्या मनात काय आलं असेल ते मला सांगायला नको. माझ्यात तोंड खुपसून ती हुंदका दाबून रडली.

संध्याकाळी तिने विचारलं. "तुमचं बाहेर कुणी आहे का? खरं सांगा. मला अंगावर काहीतरी झालंय आता."

मी खिळ्यावर होतो, समोरच. त्याचं तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं हो! पण तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. अर्धंमुर्धं त्यांच्या कानावर पडलं होतं. "माझ्या लेकाला असलं काही होत नाही. तूच बघ, दुकानात शंभर जणांच्या चपला हाताळतेस. कुठून काय आणलंस कोण जाणे!"

ती सासूकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. तो खाली मान घालून उभा राहिला. आईसमोर जांघेतलं कसं बोलायचं, एवढीच त्याची लाज. पण त्या लाजेपायी त्याने बायकोवर आळ येऊ दिला. सकाळी ती पिशवी घेऊन भावाकडे गेली.

त्यानंतर त्याचं दुखणं इतकं वाढलं की त्याला चालवेना. ज्याने ट्यूब दिली होती त्यानेच घाबरून त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आला तो आईसमोर बसला आणि एकदाचं घडाघडा बोलला.

"आई, बुरशी आहे ती. घामाची, ओलीची. पायांपासून वर आली. बाईंनी आधी पायच बघितले, बेचक्यातही मलम लावायला सांगितलं. ती ट्यूब फेकून दिली, म्हणाल्या याने आग दबते आणि बुरशी माजते. लिंबू लावलं म्हणून तर कसल्या ओरडल्या! घरी करायचं ते एवढंच. घाम आला की धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, सुती सैल कपडे रोज बदलायचे, मोजे आधी घालायचे मग आतले कपडे, म्हणजे पायाची बुरशी वर जात नाही. बरं वाटलं तरी त्या सांगतील तोवर मलम सोडायचं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात टॉवेल किती? मी म्हटलं, एक. आणि कपडे वाळतात कुठे..."

त्याने दोरीकडे बोट दाखवलं. "तिला माझ्याकडूनच झालं, आई. आणि मी गप्प बसलो."

सासूबाई उठून सज्जात आल्या आणि त्यांनी मला दोरीवरून उचललं. खालचे कपडे अजून ओलेच होते. त्यांनी ते एकेक करून उन्हात पसरले, सगळ्या जगाला दिसतील असे.

तो बरा झाला. डाग फिके पडले. मग एका दुपारी ती आली. त्याने दार उघडलं आणि आनंदाने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. पण ती राहायला नाही, कपडे न्यायला आली होती.

सासूबाई म्हणाल्या, "चुकलं गं माझं. फार चुकलं."

"तुमच्यावर राग नाही, आई," ती म्हणाली. आणि होता तर दिसला नाही.

त्याने तिला सगळं सांगितलं. पाय, टॉवेल, दोरी, काही काही सोडलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे. मी गेल्या गेल्या डॉक्टरांना दाखवलं. मी तर कधीच बरी झाले. त्यांनी विचारलं, नवऱ्यालाही आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. एका घरात राहून नवऱ्याचं मला माहीत नाही, हे मी परक्या माणसापुढे बोलले. खाज गेली हो. ते नाही जात."

"मला लाज वाटली गं."

"माझी?"

ती कपडे घेऊन निघून गेली.

त्याने मला उकळत्या पाण्यात घातलं, कडक उन्हात वाळवलं आणि मधोमध फाडलं. आता मी फरशी पुसतो. उसवलेला काठ माझ्याच अर्ध्याला आला, तेवढं माझं नशीब. माझी तक्रार नाही, पण तुमच्या पाया पडून सांगतो. घरात माणशी एक टॉवेल ठेवा. आम्हाला कुणाची लाज झाकायला दोरीवर टाकू नका, ऊन लागू द्या. आणि अंगाला काय झालंय ते आपल्या माणसाला सांगा हो. सगळं जाऊ दे, एवढं तरी ऐका.

तो स्वतःसाठी बाजारातून साधा टॉवेल घेऊन आला. मग कपाटातून माझा भाऊ काढला, त्याचा चकचकीत कागद सोडला, भिंतीत दुसरा खिळा ठोकला आणि त्याला तिथे अडकवलं. "हा तिचा," आईला म्हणाला. सासूबाई दर आठवड्याला त्याला उन्हात नेतात, झटकतात, परत अडकवतात.

परवा तो आंघोळीला गेला आणि खरंच टॉवेल विसरला. आतून हाक आली, "अगं, टॉवेल!"

मी फरशीवर होतो. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना पुढे पाऊल टाकवेना. आतलं पाणी बंद झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, टॉवेल कोरडा ठेवा. माझा भाऊ कोरडाच आहे. अजून एकदाही भिजलेला नाही.