सगळ्यांचे सात

"सातच यायला पाहिजेत. तुमचं शून्य कसं आलं?" अनंत सर आमच्यावर खेकसले. मी आणि माझी जोडीदार फलक, दोघी खाली मान घालून उभ्या. समोर चिनी मातीच्या वाटीत पांढरी पूड. जाळावर मोहरीसारखी तडतडली, पण वजन जसंच्या तसं.

ती पूड आमच्याच घरची. बीटी कपाशीवर लाल्या आला, पानं तांबडी पडली, म्हणून बाबांनी बाजारातून मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन पिशव्या आणल्या होत्या. एक फवारली तर पानांच्या कडा करपल्या. दुसरी फोडून त्यांनी माझ्या हाती पुडी दिली. "शारदे, कालेजात तपासून पाय. माल असली असंन तरच मारतो."

मी ती सरांकडे नेली तर त्यांना कोण आनंद! प्रयोगशाळेतली बाटली कधीची रिकामी होती. त्यांनी माझीच पूड अख्ख्या वर्गाला वाटली. प्रयोग साधा. खऱ्या मालाच्या स्फटिकांत पाणी अडकलेलं असतं. तापवलं की पाणी उडून जातं आणि वजन निम्म्यावर येतं. किती घटलं त्यावरून पाण्याचे रेणू मोजायचे आणि सूत्र लिहायचं. पुस्तकात सात दिलेत. त्यामुळे आमच्याकडची रीत अशी, की आधी सात लिहायचे आणि वजनं वरातीमागून घोड्यासारखी आणायची. बर्नर पेटवायचाही पोरांना कंटाळा.

"सर, पूडच खोटी असेल," मी म्हणाले.

"सगळ्या वर्गाचे सात आले. खोटी काय तुम्हा दोघींनाच मिळाली?"

"सर, त्यांनी तापवलंच नाही!"

"शारदा, उलट बोलू नकोस. पुन्हा कर, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या शौनकचं बघून उतरव." एवढं बोलून सर चहाला गेले.

पुन्हा तापवली. पुन्हा तडतड, पुन्हा शून्य. फलक वैतागली. "लिव ना बे सात. काऊन मार्क घालवून राह्यली?" मला तर ती वाटी भिंतीवर आपटावीशी वाटत होती. दोनदा खरं करून मी खोटी, आणि न करता सगळे खरे!

कॉलेज सुटलं तसं दप्तर उचललं आणि तडक शेत गाठलं. बाबांच्या पाठीवर पंप. अर्ध्याच्या वर वावर ओलं झालेलं.

"बाबा, थांबा! काऊन मारून राह्यले?"

"सर भेटले ना टपरीवर. म्हने, साऱ्या वर्गानं तपासलं, माल एक नंबर हाय."

"माह्यं नाही आलं बाबा! म्या तापवून पायलं!"

"तू एकटी शायनी अन् सारा वर्ग येडा?"

माझं डोकंच फिरलं. बांधावरच्या पिशवीत हात घातला आणि चिमूटभर पूड तोंडात टाकली.

"थुक! थुक पयले! अवशिद हाय थे!" बाबा धावत आले.

"चाखा तुमी."

घाबरत त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग पंप उतरवून खाली ठेवला.

"हे तं मीठ हाय," ते म्हणाले. कपाशीच्या ओल्या ओळींकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग मला विचारलं, "मंग साऱ्या वर्गाले सात कुठून भेटले वं?"