गुरू ख्वेंचा काळा चहा

"बघा, बघा, रोग बाहेर आला!"

मंतरलेली पिवळी चिठ्ठी बुडताच पेल्यातला चहा काळा झाला आणि देवळाच्या अंगणात एकच गलका उडाला. गुरू ख्वेंनी दुसरी चिठ्ठी ढवळली. चहा पुन्हा निवळला. "गेला! मुळासकट गेला! आजपासून इन्सुलिनची सुई बंद!"

कालवं फोडायची सोडून आमचा अख्खा किनारा तिथं लोटला होता. पेल्यासमोर बसली होती माझी थोरली बहीण बी-गिम, मधुमेहानं पोखरलेली.

मी गावचा निवृत्त मास्तर. मला तोंड आवरत नाही. "ताई, या भोंदूच्या नादी लागून जिवाशी खेळू नकोस."

"तू गप रे. हा निदान दर बुधवारी येतो तरी."



पूर्वी दर बुधवारी विद्यापीठाची पोरं यायची. त्यांच्याशी भागीदारी करावी का, असा आम्ही रीतीप्रमाणे देवीला कौल लावला होता आणि देवीपुढं टाकलेल्या लाकडी फोडी होकाराच्या पडल्या होत्या. तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या सामुदायिक जेवणाला पेई-युन नावाची विद्यार्थिनी सगळ्यांची साखर तपासायची. ताई तिला बळेबळे कालवाचं ऑम्लेट भरवायची. मग प्रकल्पाची मुदत संपली. फोटो निघाले, भाषणं झाली, पोरं गेली. थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात गुरू ख्वेंनी ठाण मांडलं.

"देवीनंच त्यांना धाडलं, देवीनंच परत नेलं," ते म्हणाले. "आता मला धाडलंय!"

पहिला कौल देवीचाच होता, म्हणून गावाला हेही पटलं.

ताईनं सुई सोडली आणि पंधरवड्यात ती बेशुद्ध पडली. मी दवाखान्यातून पेई-युनला फोन केला. ती आली ती मला घेऊन थेट देवळात.

"गुरू ख्वे, तुमची चिठ्ठी साध्या पाण्यात बुडवा बघू."

पाणी काही काळं झालं नाही.

"पाण्यात रोग उतरत नसतो, पोरी!"

"बरं." तिनं चहाचा पेला दारातल्या दगडी सिंहाच्या तोंडाला लावला आणि चिठ्ठी बुडवली. चहा काळाकुट्ट! "सिंहालाही मधुमेह झाला वाटतं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"नास्तिकावर देवी कोपते!" गुरू किंचाळले.

पेई-युननं औषधाच्या दुकानातली लोहाची गोळी पाण्यात विरघळवून चहात ओतली. चहा काळा. वर लिंबूसत्व टाकलं. चहा निवळला. "एक चिठ्ठी लोहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. चहातल्या तुरट द्रव्याशी लोह मिसळलं की ते काळं होतं. दुसरी आंबटात भिजवलेली. यात रोग कुठंच नाही."

ती वळेपर्यंत गुरू ख्वे पसार झाले होते.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ताई शुद्धीवर आली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे फसवलं मला." तिनं पोरीचा हात धरला. "आणि तू का गं आली नाहीस?"

"प्रकल्प संपला होता, आजी." पेई-युनला हुंदका आवरेना.

"माझी साखर कुठं संपली होती गं?"

दुसऱ्या दिवशी ताई गेली. माझं काळीज फाटलं.

मास्तर आहे, सांगितल्यावाचून राहवत नाही. लोकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो स्वतः करून बघा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि विद्यापीठातल्या शहाण्यांनो, तुम्ही जरूर या. पण जाताना आमच्या म्हाताऱ्यांना कुणाच्या हवाली करून चाललात, ते सांगून जा.