बालकाजवळ कोण होतं

बाळाच्या भुवईला टाके घालता घालता डॉक्टरांनी सहज विचारलं, "पडला तेव्हा जवळ कोण होतं?" आणि मी म्हटलं, "मावशी."

एवढंच. विचार करून बोलले असते तर बोललेच नसते, असं मी स्वतःला आठवडाभर सांगत होते. पण तोंडातून एकदा निघालेला शब्द घरी माझ्या आधी पोचला. सासूबाईंनी तो उचलला, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातला, आणि शनिवारी चार वाजता पंचमंडळाची सभा ठरली. विषय एकच: मंडळीच्या पाळणाघरातून मावशींना काढायचं का.

खरं असं होतं, की मावशींनी दीड वाजता बाळ धडधाकट माझ्या हातात दिलं होतं. मी उपासनागृहाच्या कचेरीत अर्धा दिवस कारकुनी करते, पाळणाघर मागच्याच खोलीत. बाळाला घरी नेलं, पलंगावर ठेवलं आणि फोनवर वाचत बसले: दहा महिन्यांचं बाळ मान एकाच बाजूला का वळवतं. नवरा मला 'सीसीटीव्ही' म्हणतो. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई मी. त्याला काही झालं तर नाही ना हे शोधण्यात इतकी गुंगले, की ते पलंगाच्या कडेवर आपटलं तो आवाजच आधी ऐकू आला. डोळ्यांदेखत पडलं, असंसुद्धा म्हणता येत नाही. डोळे फोनमध्ये होते.

मावशी मात्र एकच वाक्य बोलल्या होत्या, "माझ्याकडून नेलं तेव्हा हसत होतं." पण दुपारच्या त्यांच्या डुलक्या सगळ्यांना माहीत. कुणी विश्वास ठेवला नाही. आणि सभेचं इतिवृत्त लिहिणार कोण? मीच.

त्या शनिवारी सकाळी मी मंडळीची जुनी इतिवृत्तं स्कॅन करत होते. मंडळीचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता. मदतीला घड्याळकाका होते, पंचमंडळातले सगळ्यांत जुने सभासद. उपदेश लांबला की मनगट कानाशी नेऊन हलवतात, म्हणून हे नाव.

"काका, हे अक्षर आहे की मुंग्यांची वरात?"

"वाच, वाच. तुमच्या पिढीला बोटानं नुसतं सरकवता येतं."

"तुम्हाला तरी लागतंय का?"

"मला चष्मा लागतो," ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. तो त्यांच्या कपाळावरच होता.

मी पुढचं पान काचेवर ठेवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं. तेव्हाच्या पाळकांचं दोन वर्षांचं मूल अंगणातल्या हौदात पडून गेलं होतं. चिटणिसाच्या रेखीव अक्षरात पुढे लिहिलं होतं: "अपघातसमयी बालकाजवळ आया होती." त्याखाली चार दिवसांनंतरच्या सभेचा ठराव: "सबब सदर आयेस प्रभुभोजनास मनाई करून मंडळीबाहेर काढण्यात आले." खाली आयेचा अंगठा.

स्कॅनरचा दिवा सरकला आणि पडद्यावर एक जागा पांढरी चमकली. 'आया' या शब्दापाशी कागद पातळ झाला होता. मी चित्र मोठं केलं. 'आ' चिटणिसाचा होता. 'या' दुसऱ्याच शाईत, दुसऱ्याच हातचा. आणि त्या 'या'च्या डोक्यावर, शिरोरेषेच्या वर, रफारासारखा एक बारीक आकडा राहून गेला होता. 'या'वर रफार कशाला? रफार नव्हताच तो. 'ई'चं डोकं होतं. खालचं धड खरवडून काढलं होतं, डोकं राहिलं होतं.

बालकाजवळ आई होती.

काकांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला एवढं का लागावं ते त्यांना कसं सांगणार?

तो 'य' मी कुठंतरी पाहिला होता. पोट फुगलेला, शेपूट उलटं वळलेला. मागच्याच आठवड्यात त्याला शिव्या घातल्या होत्या. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाच्या, हजेरीच्या वह्या खालच्या कप्प्यात होत्या. काढल्या. प्रत्येक पानावर तोच 'य', आणि पहिल्या पानावर: हजेरी घेणार, पाळकांच्या पत्नी.

म्हणजे तिनंच. नवऱ्याच्या कचेरीत, नवऱ्याच्याच दाढीच्या वस्तऱ्यानं कदाचित. चिटणिसानं खरं लिहून ठेवलं होतं. म्हणजे आधी तिनंच खरं सांगितलं असेल? आणि मग सभा बसायच्या आत तिचा धीर सुटला? मूल गेलेल्या बाईवर मी राग धरावा असं नव्हतं. मला तिचा राग येतही नव्हता. ती मला फार ओळखीची वाटली, हेच वाईट होतं. एक अक्षर खरवडायला किती वेळ लागतो? मला तर खरवडावंसुद्धा लागलं नव्हतं.

पुढं काय झालं ते शोधत मी जेवायलाही उठले नाही. तिनं नंतर तरी सांगितलं असेल. कुठंतरी असेल, एखाद्या समासात. उपासनेच्या उपस्थितीची वही काढली. पुरुष, स्त्रिया, मुलं असे रकाने. त्या वर्षापासून एक नवा रकाना सुरू झाला होता: बाहेर. त्यात दर रविवारी एकच आकडा. बाहेर १. पायरीवर बसून उपासना ऐकणारी एक, ती आयाच असणार. नऊ वर्षं बाहेर १. मग एका रविवारी तिथं रेघ, आणि पुढच्या महिन्यापासून रकानाच नाही. कबुली कुठंच नव्हती. पाळकांच्या पत्नीची हजेरी मात्र शेवटपर्यंत नीटनेटकी होती.

पावणेचारला नवरा आणि सासूबाई आल्या. बाळ सासूबाईंच्या कडेवर, भुवईवर पट्टी. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. घड्याळकाकांनी मनगट बघितलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. वही उघडून तारीख घातली.

"आधी वस्तुस्थिती लिहून घेऊ," पाळकसाहेब म्हणाले. "लिही. अपघाताच्या वेळी मुलाजवळ..."

पेन थांबलं.

"अगं, मावशी होत्या. लिही की," सासूबाई म्हणाल्या.

"मी होते."

"हो, दवाखान्यात तू होतीसच. लिहितेस ना?"

"तसं नाही. मुलाजवळ मी होते. माझ्या घरी पडला. मावशींनी चांगला दिला होता. मी फोन बघत होते." आवाज माझा वाटत नव्हता. "डॉक्टरांशी खोटं बोलले. मग तुम्हा सगळ्यांशी."

नवरा माझ्याकडे पाहत राहिला. "मला तरी सांगायचंस," तो हळूच म्हणाला. सासूबाईंनी बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मला ते दिसावं म्हणून नव्हे. म्हणूनच जास्त लागलं.

पाळकसाहेब काहीतरी बोलू लागले, धैर्य वगैरे. घड्याळकाकांनी त्यांना थांबवलं. "साहेब, ती आठवडाभर गप्प होती. धैर्य नंतर बघू. आधी त्या बाईकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. मावशींच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. मी उठून त्यांच्यापाशी गेले. माफ करा म्हणायचं होतं. ते शब्द इतके छोटे वाटले, की हात नुसतेच जोडले.

"टाके कधी निघणार?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"पाणी लागू देऊ नकोस." त्या उभ्या राहिल्या. "एकोणीस वर्षं मुलं सांभाळते मी. या आठवड्यात रस्त्यात दोघीतिघींनी आपली मुलं माझ्याकडून अशी ओढून घेतली." त्यांनी स्वतःचाच हात ओढून दाखवला. "त्यांना तू एकेकीच्या घरी जाऊन सांगायचंस. चिठ्ठी नाही, फोन नाही."

"सांगते. आजच जाते."

"आणि सोमवारपासून मी येईन पाळणाघरात. पण तुझं बाळ मी घेणार नाही."

"मावशी..."

"राग म्हणून नाही गं. त्याला शिंक आली तरी मला तुझं तोंड आठवेल. असं मूल सांभाळता येत नाही."

त्या गेल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, हे सगळं इतिवृत्तात घालायचंच का. मी जागेवर येऊन बसले आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. सही केली. मग दोघीतिघी म्हणजे नेमक्या कोण, ते मावशींना विचारायचं राहिलं म्हणून पायांत चपला सरकवल्या आणि त्यांच्या मागे धावले.