डब्यावरची काडी

ब्लाउजच्या पाठीच्या भागावर खडूची रेघ ओढून शबानानं कात्री उचलली, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

“आपा, माझं कापड परत द्या.”

दीपमाला पायरीवर उभी होती. एरवी ती चपला काढून थेट आत यायची आणि पडदा सारून मागच्या भागात नाहीशी व्हायची. आज चपला पायातच होत्या. तिच्या मागं, दोन पावलांचं अंतर राखून, तिची सासू साखराबाई हातात रिकामी पिशवी धरून उभी होती.

“अगं, आता कात्री लावतच होते. उद्या शिवून घेऊन जा.”

“न्हाई शिवायचं. द्या.”

“झालं काय?”

दीपमालाची नजर मशीनच्या चाकावर खिळली होती. उत्तर साखराबाईनं दिलं.

“आमच्या घरातली काडी साऱ्या नांदेडात पडली, ते झालं. आता आमच्या ब्लाउजचं मापबी मोबाईलवर जाईल. द्या कापड.”

शबानाला काही उमगेना. तिनं खडूच्या रेघांसकट कापडाची घडी घातली आणि पुढं केली. ती घेताना दीपमाला जराशी वाकली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, “तुमच्याशिवाय कुणापाशीच बोलले नव्हते मी.”

मग दोघी निघून गेल्या. सून पुढं आणि सासू मागं, राखण करत.

देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान म्हणजे एक खोली आणि मधोमध पडदा. पुढं मशीन, मागं माप घ्यायची जागा. तिथं एक आरसा, एक स्टूल आणि चिंध्यांची टोपली. हात वर करून उभं राहिलं आणि अंगाभोवती टेप फिरू लागली की बाई आपोआप बोलायला लागते, हे शबानानं पंधरा वर्षांत पाहिलं होतं. नवऱ्याचं, जावेचं, छातीतल्या गाठीचं, चुकलेल्या पाळीचं. शबाना ओठांत टाचण्या धरून नुसता हुंकार भरायची. तिच्यापेक्षा चांगली शिलाई नाक्यावर मिळत होती, तरी बायका दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडं यायच्या, त्या पडद्यासाठी. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

दीपमालाला तर तो पडदा फारच लागत होता. अर्धापूरकडच्या केळीवाल्यांची ही मुलगी. तिला तलाठ्याची परीक्षा द्यायची होती. सासरी अभ्यासाला परवानगी नव्हती, शिवण शिकायला होती. म्हणून रोज दुपारी दोन तास ती स्टुलावर बसून पुस्तक वाचायची, आणि घरी दाखवायला दर आठवड्याला शबाना तिला एखादं झबलं शिवून द्यायची. सात महिने हे सुरळीत चाललं होतं. परीक्षा चाळीस दिवसांवर आली होती.

काडी. शबानानं तो शब्द दोन-तीनदा मनात घोळवला. आठवडाभर गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना ओरडत होती, ‘काडी पडली’ म्हणून. कुणी बाद झाला की काडी पडली, चेंडू गटारात गेला की काडी पडली. तीही दोनदा हसली होती. आता तिनं फोन काढला आणि धाकट्या भावाचं, अकरमचं चॅनल उघडलं.

अकरम मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि उरलेल्या वेळात कार्टून करायचा. त्याच्या आवडत्या गेमची दुनिया त्यानं उचलली होती. गेममध्ये एक तळघर, तळघरात खजिन्याची पेटी, पेटीपाशी एक राक्षसीण. वीर तलवारी घेऊन येतात, तिला मारतात, पेटी उघडतात. अकरमच्या कार्टूनमधली राक्षसीण मात्र लढायचीच नाही. ती वीरांना पायरीवर अडवून म्हणायची, “आधी पाय धू, मंग तलवार काढ.” तिच्या मराठवाडी तोंडापुढं चिलखतवाले वीर गारद व्हायचे. लातूर-उदगीरपर्यंतची पोरं ते बघून लोळायची.

राक्षसिणीचा आवाज शबानाचा होता. कागदावरून वाचलं की तिचा आवाज लाकडी व्हायचा, म्हणून अकरमनं कागद सोडून दिला. तो फोन चालू करून ठेवायचा आणि ती बोलत राहायची. मग त्यातलं हवं ते तो कापून घ्यायचा. कापाकापी तिला नवी नव्हती. त्यानं काय ठेवलं आणि काय टाकलं, हे तिनं कधी विचारलं नाही. स्वतःचा आवाज ऐकायची तिला लाज वाटे, म्हणून ती भागही बघत नसे.

हा भाग तिनं बघितला. राक्षसीण पेटीच्या झाकणावर आगपेटीची काडी ठेवते आणि झोपते. उठून बघते तर काडी खाली. “काडी पडली. मी उगवतीकडं तोंड करून ठेवली व्हती, आता मावळतीकडं बघून राहिली. कोनी खाल्ली साखर? हात पुढं करा, वास घेते.” आणि सहा वीर तलवारी टाकून रांगेत हात पुढं करतात.

साखरेच्या डब्यावरची काडी. महिन्याभरापूर्वी पडद्यामागं दीपमालानं सासूची ही नक्कल केली होती. सून साखर खाते असा संशय, म्हणून झाकणावर रोज काडी. तेव्हा हसता हसता शबानाच्या ओठांतल्या टाचण्या सांडल्या होत्या.

अकरमनं पडद्यामागं फोन लपवून ऐकलं असणार. ती पडद्यामागं गेली. तिनं आरसा उलटा करून पाहिला, स्टूल उपडं केलं, खुंटीवरच्या गाऊनचे खिसे चाचपले. शेवटी चिंध्यांची टोपली जमिनीवर ओतली. फोन मिळाला नाही. चिंध्यांतून दीपमालाचं परीक्षेचं पुस्तक तेवढं बाहेर पडलं, मधल्या पानात मोरपिशी धाग्याची खूण घातलेली. शबानानं ते तसंच परत झाकलं आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं.

शुक्रवार होता, अकरम सुट्टीमुळं घरीच होता. तो कानांवर हेडफोन चढवून लॅपटॉपपुढं बसला होता आणि त्यांची आई, बेगमबी, खाली मेथी निवडत होती. शबानानं हेडफोन ओढून काढला. घरात ही मंडळी दखनी उर्दू बोलत, पण दुकानात बायकांशी बोलून बोलून शबानाच्या रागाला मराठीच सोपी पडू लागली होती.

“फोन कुठं ठेवला व्हतास?”

“कोणता फोन?”

“पडद्यामागं. आरशाच्या मागं का स्टुलाखाली? नालायका, तिथं बायका अंगावरचे कपडे काढतात.”

अकरम उठून उभा राहिला. “आपा, काय बोलून राहिलीस? मी तिकडं पायसुद्धा ठेवत न्हाई.”

“मग काडीचं कुठून आलं? माझ्या आवाजात आलं. मी तुला ते कधी बोलले न्हाई. एका पोरीचं शिक्षण बंद केलंस तू चार हशांपायी. आज ती माझ्या पायरीवरून परत गेली, चपला न काढता. पंधरा वर्षांत माझ्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं रे.”

“अम्मीची कसम, मी—”

“अम्मीला मधी आणू नको.”

बेगमबीचा मेथीवरचा हात थांबला. अकरमनं लॅपटॉपवर एक फोल्डर उघडलं. आत तारखांची लांबलचक रांग होती. त्यातली एक शोधून त्यानं लावली आणि आवाज मोठा केला.

आधी पंखा ऐकू आला, मग ताटांचा आवाज. बेगमबीचा खोकला. कुणीतरी रोटी मागितली. मग शबानाचा आवाज, तोंडात घास असलेला, दखनीत.

“आज क्या हुआ मालूम? एक आती ना मेरे पास, उसकी सास का सुनो.”

आणि मग मराठीत नक्कल. डबा, काडी, उगवती, मावळती. बेगमबीचं हसणं, अकरमचं हसणं. “फिरसे बोल ना आपा.” ती परत बोलली, या वेळी जरा वरच्या पट्टीत, आणि शेवटी तिनं जोड दिली, “हात पुढं करा, वास घेते.” हे दीपमाला बोललीच नव्हती. ते शबानाचं स्वतःचं होतं, ताटावर सुचलेलं. पुन्हा हसू. मग तिचाच आवाज, “रिकॉर्ड हो रहा क्या रे?”

“हौ.”

“होने दे.”

अकरमनं फाईल बंद केली.

“तू नाव घेतलं नव्हतंस,” तो म्हणाला. “मला वाटलं, आपलं असंच काहीतरी. रोजच सांगतेस की जेवताना.”

“रोज?”

उत्तर बेगमबीनं दिलं, तेही सहज, दोष न देता. “त्या दिवशी लई हसलो व्हतो आपण.”

शबाना तारखांच्या रांगेकडं बघत राहिली. दीड वर्षाच्या तारखा. गाठवालीचं असेल त्यात, चुकलेल्या पाळीचं असेल, जावेचं तर असेलच. भावानं त्यातली एकच काडी उचलली होती. बाकी सगळं तिनं या तिघांत रोज वाढलं होतं, भाजीबरोबर. राग अजून तसाच होता, चांगला पेटलेला. त्याला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

“काढून टाकतो तो भाग,” अकरम म्हणाला.

“तो काढ. आन् हेबी सगळं काढ. माझ्यासमोर.”

एकेक करत तो तारखा पुसू लागला. शेवटची जाईपर्यंत ती जागची हलली नाही. बाहेर गल्लीत कुणीतरी बाद झालं आणि पोरं ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शबाना साखराबाईच्या दारात उभी होती. परकराच्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक काखेत होतं. उंबऱ्याजवळ दीपमालाच्या चपला दिसत होत्या.

“ती घरी न्हाई,” साखराबाई म्हणाली.

“तुमच्यापाशीच आले मी. ते कार्टूनमधलं मी बोलले. माझ्या मनचं. तुमच्या सुनेचा त्यात हात न्हाई.”

साखराबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी कधी आलात आमच्या घरात, काडी बघाया?”

रात्रभर शबानानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यात हा प्रश्न नव्हता.

“पोरं दारावरून वरडत जातात,” साखराबाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “नातू माझ्यापुढं हात धरतो, म्हनतो, आजी वास घे. भाजी घ्यायला जाईना झाले मी. माझं चुकत असंल, काडी ठेवत असंल मी. पर ते माझ्या घरात व्हतं.” मग तिनं दाराची कडी हातात धरली. “तिचं शिवान बंद. तसंबी सात महिन्यांत तिला हातशिलाईबी आली न्हाई. तुमी काय शिकवत व्हता, ते तुमालाच ठावं.”

दार लागलं. आत स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला, जोरात, आणि पुन्हा एकदा. साखराबाई तर अजून दारामागंच होती. शबाना पुस्तक काखेत तसंच धरून परतली.

दुपारी कस्तुराबाई आली. जुनी गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नासाठी चार ब्लाउज शिवायचे होते. पडदा सारून ती मागं गेली, स्टुलावर पिशवी ठेवली, पदर बाजूला घेतला आणि सवयीनं हात वर केले. शबानानं ओठांत टाचण्या धरल्या आणि टेप फिरवली. चिंध्या पुन्हा टोपलीत भरल्या होत्या, पुस्तक तळाशी होतं.

“शबानाबी,” कस्तुराबाईचा आवाज आपोआप बारीक झाला, “तुमाला म्हनून सांगते. पोरीचं जमलंय खरं, पर पोराकडची एक गोष्ट मला काल कळली. कुनाला बोलू नका बरं का.”

शबानाचा हात थांबला. तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि कापसाच्या छोट्या उशीत खोचल्या.

“बाई,” ती म्हणाली, “मलाबी नका सांगू.”

कस्तुराबाईनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. तिचे हात अजून वरच होते. शबानानं छातीचं माप घेतलं, मग दंडाचं, मग पाठीचं. मापं तेवढी तिनं कागदावर लिहिली.