दुखणं मागे, उपचार पुढे

मित्रांनो, मी एक जुनी टॅक्सी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. म्हातारपणी माणसं चिडकी होतात, तशी मोटारही होते. पण माझ्या चिडण्याला कारण आहे. सबंध दीड वर्ष मी वाटेत धापा टाकत बंद पडत होते. माझं दुखणं होतं पाठीमागे, आणि साऱ्या डिचोली गावाने मिळून उघडून पाहिलं ते माझं पुढचं बॉनेट! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. गोवा मुक्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा मी आगगाडीतून वास्कोला उतरले. पहिली थोडी वर्षं एका खाणीच्या साहेबांकडे काढली. मग गुरुदासने मला विकत घेतलं. गुरुदास मूळचा पेडण्याचा, पण डिचोलीत स्थायिक झालेला. त्याने मला काळा-पिवळा रंग दिला आणि बाजारातल्या स्टँडवर उभं केलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मी मिरच्यांची पोती नेली, नवऱ्यामुली सासरी पोचवल्या, बाळंतिणी माहेरी आणल्या. "गुरुदासाची गाडी म्हणजे घड्याळ," असं लोक म्हणत. तेव्हा मला केवढा ताठा होता!

गुरुदासची बायको सुमंगला माझ्यावर जीव टाकायची. दर दसऱ्याला ती ताट घेऊन यायची. बॉनेटला कुंकू, चाकांना हळद, आरशाला झेंडूची माळ. इथवर ठीक होतं. पण पहिल्याच दसऱ्याला ती माझ्या मागच्या बाजूला गेली आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी थांबली.

"ही हयसून जेवता मां?" तिने गुरुदासला विचारलं. "मग तिचा तोंड गोड करूक नको?"

असं म्हणून तिने माडाचा गूळ बोटाने चांगला चोळून झाकणाला लावला आणि वरून कुंकवाचा टिळा ओढला. गुरुदास कौतुकाने हसला. मीही लाजले, खोटं कशाला बोलू? तेव्हा मला काय ठाऊक की हे गोड तोंड पुढे माझा गळा आवळणार आहे.

मित्रांनो, माझ्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे. टाकीतलं पेट्रोल जसजसं पुढे इंजिनाकडे जातं, तसतशी त्या भोकातून हवा आत येते. ते माझं नाक आहे म्हणा ना. दर दसऱ्याला गुळाचं नवं पूट चढलं. त्यात खाणीचे ट्रक वाढले आणि त्यांची लाल धूळ दिवसभर उडू लागली. गूळ, कुंकू आणि धूळ यांचं मिळून असं काही घट्ट लिंपण झालं की नाक पार बुजलं. सगळंच लाल, त्यामुळे कुंकू कुठलं आणि धूळ कुठली हेही कुणाला कळेना.

मग मी अडू लागले. गावातल्या गावात फिरले की काही नाही. लांब निघाले की आधी हिसके, मग खोकल्यासारखा आवाज, मग ठप्प. पाऊण तास उभी राहिले की हवा कुठून तरी झिरपत आत यायची आणि मी पुन्हा चालू व्हायचे. लोकांना वाटायचं, नखरे करते आहे!

माझा मेकॅनिक सखाराम. सावंतवाडीकडचा. हात सोन्याचे होते त्याचे, पण तोंड हाताच्या पुढे धावायचं. "पॉइंट जळले हत. बदलले की पळतली बघ घोडीसारखी!" झालं, पॉइंट बदलले. मग कॉइल बदलली. मग प्लग. मग पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं बांधलं, "गरम होता" म्हणून. दर वेळी शेवटी तो कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोलात हवा मिसळणारं भांडं, खोलायचा, आणि तो धुवायला टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढायचा. पेट्रोल काढायचं तर झाकण उघडायला हवं. झाकण उघडलं की मला श्वास मिळायचा, आणि पुढचे दहा-बारा किलोमीटर मी खरोखरच घोडीसारखी पळायचे. सखाराम छाती फुगवून म्हणायचा, "बघलंस? कार्ब्युरेटरच होतो!" अरे शहाण्या, कार्ब्युरेटर नव्हे रे, झाकण! पण मोटारीला तोंड असून बोलता येत नाही.

एकदा माझ्या झाकणाला मुंग्या लागल्या. मला वाटलं, सुटले बाई! आता तरी कळेल. सखारामने मुंग्यांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गुरुदास, पेट्रोलात कोणी तरी साखर घालता. भेसळ!" मी कपाळाला हात लावला असता, हात असता तर.

आता खरं सांगायचं ते सांगते. गुरुदासची मुलगी सत्यवती. तिला नर्स व्हायचं होतं. पणजीहून नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीचं पत्र आलं, सकाळी दहाची वेळ. मोठं काम म्हणून गुरुदासने आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, त्यामुळे माझा श्वास आणखी लवकर कोंडतो. म्हणजे काम जितकं महत्त्वाचं, तितकी मी लवकर बंद! अस्नोड्यातच मी थांबले. पुन्हा म्हापशात थांबले. ती दोघं पणजीला पोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. "पुढल्या वर्षी या," एवढंच उत्तर मिळालं.

परत येताना सत्यवती खिडकीतून बाहेर बघत रडली. घरी आल्यावर गुरुदासने माझ्या चाकाला लाथ मारली. "अगे मेले, माझ्या चेडवाच्या नशिबात आडवी इलंस!" त्या लाथेने दुखलं नाही मला. लेकीच्या नशिबात आडवी आले, हे बोलणं लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

ते वर्ष सत्यवतीने घरात बसून काढलं. सुमंगला म्हणायची, स्थळं बघूया. शेवटी गुरुदासने सांगून टाकलं, "यंदा एकदा बघूया. यंदा जमला नाय, तर लगीन." दुसरं पत्र आलं. वेळ तीच, दहा. सत्यवती म्हणाली, "बाबा, मी बशीन जातंय." गुरुदास उखडला. "दारात टॅक्सी आसताना माझा चेडू बशीन जातला? लोक काय म्हणतले?" अहो, जाऊ द्या ना तिला बसने!

मुलाखतीच्या सकाळी काय झालं असेल? टाकी पुन्हा काठोकाठ. आणि सुमंगला ताट घेऊन आली! दसरा नव्हता, काही नव्हतं. "आज तरी माझ्या लेकीक येळेर पोचय गे बाय," असं म्हणत तिने हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून झाकणावर ताज्या गुळाचा भलामोठा गोळा थापला. नको गं बाई, नको! मी मनातल्या मनात किंचाळले. पण अशा भक्तीपुढे कुणाचं काय चालतं?

अस्नोड्यात हिसके दिले, म्हापसा कसंबसं ओलांडलं, आणि पणजीच्या अलीकडे पर्वरीच्या चढावर मी मेले. सव्वानऊ वाजले होते. गुरुदास खाली उतरला, बॉनेट उघडलं, फडकं ओलं केलं, फुंकर मारली. काही नाही. त्याचे हात काळे झाले. "बाटली घे आणि वायच पेट्रोल काढ," तो सत्यवतीला ओरडला. "कार्ब्युरेटर धुवूक व्हयो."

सत्यवती मागे आली. इस्त्रीची साडी एका हाताने सावरत तिने झाकण फिरवलं. फुस्स! मी एवढा मोठा श्वास ओढला की ती दचकली.

"बाबा! तू आयकलंस? टाकीन वारो ओढून घेतल्यान!"

"कसलो वारो? पेट्रोल काढ आधी!"

ती जागची हलली नाही. तिने झाकण पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा उघडलं. मग उलटसुलट केलं. "बाबा, सखाराम दर टायमाक पेट्रोल काढता आणि गाडी चालू होता. रॉकेलाचो डबो आठव. एकच भोक पाडला तर रॉकेल येता? दुसरा वाऱ्याक लागता." तिने साडीची पिन काढली आणि झाकणावर त्या लाल लिंपणात खुपसली. खपली निघाली. तिने ती बोटावर घेऊन नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला. "गूळ," ती हळूच म्हणाली.

गुरुदासने सेल्फ मारला. मी पहिल्याच हाकेला उठले. मांडवीचा पूल मी कसा ओलांडला ते मलाच माहीत. दहाला पाच मिनिटं कमी असताना सत्यवती जिना चढत होती. पदर खांद्यावरून सुटत होता, कारण पिन माझ्या झाकणापाशी राहिली होती, आणि तिची बोटं लाल होती. तिची निवड झाली.

पण संध्याकाळी घरात पेढे वाटले गेले नाहीत. सत्यवतीने आईला गुळाचं काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. गुरुदासच्या पोटात मात्र काही राहत नाही. सुमंगला अंगणात आली, माझ्या झाकणापाशी उकिडवी बसली आणि ढसाढसा रडली. "माझ्याच हातान माझ्या चेडवाचा वरीस गेला." सत्यवतीने तिला पोटाशी धरलं. मला दीड वर्षाचा राग होता, पण त्या बाईवर तो काढता येईना.

आता मी अंगणात छपराखाली उभी असते. गुरुदासची नजर कमी झाली, माझीही दोन चाकं बसली. नर्स झालेली सत्यवती सुट्टीत येते. बोलू न शकणारा रोगी आला की आम्ही आधी त्याचं सगळं अंग बघतो, असं ती आईला सांगते आणि माझ्या टपावर थाप मारते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी वरचेवर अडत असेल. यंत्र असेल, बैल असेल, माणूसही असेल. त्याला नखरेल म्हणू नका, लाथ मारू नका, आणि नुसते हातही जोडू नका. फिरून मागच्या बाजूला या आणि बघा.

दसऱ्याला सुमंगला अजून येते. ताटात आता कुंकवाच्या शेजारी साडीची एक पिन असते. बॉनेटला टिळा लावून ती मागे जाते, भोकात पिन फिरवते, फुंकर घालते, मग झाकणाला कान लावून थोडा वेळ तशीच बसते. गूळ ती पूजेला आलेल्या सखारामच्या तोंडात कोंबते.