धावणाऱ्यांची गाडी

मी एक बाबागाडी. तीन चाकांची, पुढे एक, मागे दोन. आज सकाळी मी दक्षिण कोरियातल्या जिंजू शहरातल्या एका फ्लॅटच्या दाराशी, चपला-बुटांच्या शेजारी उभी आहे आणि मला बोलायची घाई आहे. थोड्याच वेळात घरातली माणसं बाहेर पडतील. मला बरोबर नेतील की इथेच ठेवतील, हे अजून ठरलेलं नाही. नेलं तर वाईट होईल. गाडीनंच असं म्हणावं हे विचित्र आहे, पण ऐकून घ्या.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात नळ्या वाकवल्या, त्यांना जाड कापडाची झोळी जोडली, सायकलीसारखी हवा भरायची चाकं बसवली. दुकानातल्या माझ्या बहिणी चार चाकांच्या, नाजूक, एका हातानं मिटणाऱ्या. मी थोराड. पळायला जाणाऱ्या आईबापांनी मूल बरोबर न्यावं म्हणून मला घडवलेलं. लोक कौतुकानं माझी दांडी धरून बघत आणि बहिणींपैकी एखादी घेऊन जात.

थंडी सुरू व्हायच्या आधीच्या एका शनिवारी तिघं जण आले. सनजू, तिचा नवरा थेसोक आणि सनजूची आई. सनजू इतर गाड्यांकडे न बघता थेट माझ्याकडे आली.

"बाळ किती महिन्यांचं आहे?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"महिन्यांचं?" आजी म्हणाली. "पाच वर्षांचा घोडा आहे. खाली मोटारीत मावशीच्या मांडीवर झोपलाय."

"आई, गप्प बस ना!"

"मी काय वय चोरून ठेवू? मी का नटी आहे?"

मुलीचं हसू जरा अडखळलं. "पाच म्हणजे... आता चालत असेल ना?"

"चालतो," सनजू पटकन म्हणाली. "लवकर थकतो, एवढंच."

बोलताना तिची बोटं माझ्या दांडीवर पांढरी पडली होती. तिचा मुलगा एक पाऊलही कधी चालला नव्हता, हे मला नंतर कळलं.

दानू दिवस भरायच्या फार आधी जन्मला. हुशार आहे, तोंडाळ आहे, पण मेंदूचा निरोप त्याच्या पायांपर्यंत पोचत नाही. तो उभा राहू शकत नाही. आधाराशिवाय बसतानाही एका बाजूला कलतो. त्याच सकाळी उपचार केंद्रातल्या मिन बाईंनी सांगितलं होतं की आता त्याला मापाची व्हीलचेअर हवी, पाठीला ताठ आधार देणारी. केंद्रातून निघून ही माणसं सरळ माझ्या दुकानात आली होती.

"मिन बाई जी खुर्ची म्हणाल्या, ती..." थेसोकनं हळूच विषय काढला.

"ती नंतर बघू."

"अगं, पण ही पळणाऱ्यांची गाडी आहे. आपल्यात पळतं कोण?"

"मी पळेन."

"तू?" आजी म्हणाली. "जन्मात कधी बस पकडायला पळाली नाहीस!"

वरच्या मजल्यावर जाऊन सनजूनं पळायचे बूट घेतले, उन्हाची टोपी घेतली. त्यातला तिचा बेत मला पुढे कळला. चार चाकांच्या गाडीत एवढं मोठं मूल दिसलं की लोक थांबून बघतात. माझ्यात दिसलं तर म्हणतात, काय हौशी आई आहे, पोराला घेऊन पळते. तिनं मला निवडलं ते मी काय आहे म्हणून नाही, काय झाकते म्हणून.

आणि ती खरंच पळू लागली.

हे मला खोटं ठरवता येत नाही. रोज सकाळी नाम नदीच्या काठानं आम्ही जायचो. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या पुलाशीच धापा टाकत बसली. दानू ओरडला, "आई, बंद का पडलीस?" हळूहळू तिचा दम वाढला. उतारावर ती वेग घ्यायची, माझी चाकं गाऊ लागायची आणि दानू हात पसरून किंचाळायचा, "अजून! अजून!" समोरून पळत येणारी माणसं हात उंच करायची. सनजूही करायची. त्या वेळी आम्ही तिघंही आनंदात होतो. म्हणून तर एवढा उशीर झाला.

घरच्या इमारतीत मात्र लिफ्ट होती आणि लिफ्टमध्ये बायका होत्या. आमच्याकडच्या बायका परक्या मुलालाही आपलंच समजून रागावतात.

"अगं बाई, केवढे पाय बाहेर आलेत! उतर बाळा खाली. आईचे खांदे निखळतील."

"आज ताप आहे त्याला," सनजू म्हणायची.

"फार लाड करता हो दानूची आई. माझा थोरला या वयात धाकटीला पाठीवर घेऊन हिंडायचा."

"झोपेतून आत्ताच उठलाय."

कधी पाय मुरगळलेला असे, कधी लस टोचलेली असे. आपण काय करायचं ते दानूला कुणी शिकवलं नाही. तो आपणच शिकला. लिफ्टचं दार उघडलं की तो मान टाकून डोळे मिटून घ्यायचा. दार बंद होऊन आम्ही एकटे उरलो की उघडायचा. त्याच्या पापण्या थरथरत, एवढंच. सनजू ते बघायची आणि त्याच्या डोक्यावरचं माझं छत्र आणखी खाली ओढायची.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारनं वय मोजायची रीत बदलली. आमच्याकडे मूल जन्मतं तेच एक वर्षाचं होऊन, आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांच्याच वयात एकेक भर पडते. आता बाकीच्या जगासारखं मोजायचं ठरलं. जेवताना थेसोकनं बातमी वाचून दाखवली.

"माझी वर्षं परत देतायत होय?" आजी म्हणाली. "दातही द्या म्हणावं."

सनजू बोटांवर मोजत होती. "म्हणजे दानू सहाचा नाही. वाढदिवस अजून यायचाय, म्हणजे चारचा! आई, दानू चारच वर्षांचा आहे!" ती हसली, मग डोळे पुसत पुन्हा हसली. पुढचे कित्येक दिवस लिफ्टमध्ये कुणी विचारायच्या आतच ती सांगायची, "चार वर्षांचा आहे."

पण दानूची पाठ नव्या रीतीनं मोजत नव्हती. माझी बैठक कापडाची. तान्ह्या बाळाला ती पाळण्यासारखी सुखाची, पण दानू वाढत होता आणि ज्या बाजूला कलत होता त्याच बाजूला माझं कापड सैल होत होतं. रोज त्याच्या फासळ्या त्या खळग्यात आणखी रुतायच्या. मला ते कळत होतं. ज्याला मी जपायचं, त्यालाच मी वाकवत होते, आणि मला ताठ होता येत नव्हतं.

केंद्रात मिन बाईंनी दानूला पालथं घालून सनजूचा हात धरला आणि त्याच्या पाठीवरून फिरवला.

"इथे. लागतंय हाताला? गेल्या वर्षी हे नव्हतं."

सनजूनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "घरी मी त्याला चटईवर सरळ झोपवते."

"झोपवा. पण दिवसभर कशात बसतो?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघावं असं मला वाटत होतं.

दानू मात्र दुसरीकडेच बघत होता. दोन वेण्यांची एक मुलगी व्हीलचेअरची चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत पाण्याच्या यंत्राशी गेली, पेला भरून प्यायली आणि परत आली. कुणी ढकललं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. केंद्राचं दार मागे बंद होईपर्यंत दानू मान वळवून तिच्याकडे बघत होता.

मग नव्या वर्षाचा सण आला. त्या सकाळी तांदळाच्या वड्यांचं सूप खातात. ते खाल्लं की माणूस एका वर्षानं मोठा होतो, असं सगळे म्हणतात आणि हसत हसत खातात. सनजूनं सगळ्यांपुढे वाटी ठेवली. दानूपुढे भात ठेवला.

"माझं सूप?" दानू आजीच्या मांडीवर बसला होता.

"तुला नको. गरम आहे."

"मग फुंकर मार."

"दे की गं पोराला," आजी म्हणाली. "सूप न पाजल्यानं वय थांबत असतं तर मी अजून नवरी असते." तिनं आपली वाटी दानूपुढे सरकवली.

दानूनं दोन्ही हातांनी ती धरली. "आजी, मी दोन वाट्या खाणार. मला लवकर मोठं व्हायचंय. मोठ्या मुलांना चाकं आपली आपण फिरवता येतात."

सनजूनं वाटी ओढून घेतली. सूप बैठ्या टेबलावर सांडलं. वड्या इकडेतिकडे घसरल्या.

"सनजू," थेसोक म्हणाला, "अजून किती दिवस?"

"मी पळते ना?" ती ओरडली. "रोज पळते ना मी? थंडीत पळते, तापात पळते. दिसत नाही तुम्हाला?"

आजी फडक्यानं टेबल पुसत राहिली. त्या क्षणी मला कळलं की ती फक्त लोकांपासून पळत नव्हती. एक दिवस दानू माझ्यातून उतरेल आणि आपल्याबरोबर धावू लागेल, असं तिला वाटत होतं. अशा आईला कसं सांगायचं? आणि मला तर तोंडच नाही.

नदीकाठी चेरी फुलली तेव्हा तिथे माणसांची रीघ लागते. आम्ही गर्दीतून वाट काढत होतो. फरशीची कड आली. दानू त्याच्या नेहमीच्या बाजूला कलला, माझं पुढचं एकुलतं चाक कडेवरून घसरलं आणि मी त्याला घेऊन आडवी झाले. पट्टा सुटला. दानू दगडी फरशीवर पडला.

माणसं धावली. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यात आधी पोचले.

"काही नाही, काही नाही. शूर आहे आमचा राजा. ऊठ बरं!"

दानू पडून राहिला. कोपरातून रक्त येत होतं.

"ऊठ बाळा, उभा राहा. बघ, सगळे बघतायत तुला."

सगळे खरंच बघत होते. वाट बघत होते. सनजू दोन हात पुढे करून जागीच थिजली होती. मग तिच्या तोंडून तेच आलं.

"त्याचा... पाय मुरगळलाय."

दानूनं त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. "नाही आजोबा," तो म्हणाला. "मला उभं राहता येत नाही. कधीच येत नाही. मला उचलावं लागतं."

म्हातारे गुडघ्यांवर खाली बसले.

"असं होय. मग सांग, कुठून धरू?"

"एक हात पाठीखाली. दुसरा गुडघ्यांखाली. घाबरू नका, मी जड नाही."

त्यांनी तसं धरलं आणि दानूला सनजूच्या हातांत दिलं. तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. मला कुणीतरी उभं केलं, माझी धूळ झटकली आणि म्हणालं, "गाडीला काही झालेलं नाही." ते ऐकून मला मोडावंसं वाटलं.

त्या रविवारी थेसोकनं केंद्रात फोन केला. सनजू हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आज माप घ्यायला बोलावलंय. खुर्चीचा रंग कुठला हवा, यावरून दानू आठवडाभर आजीशी भांडतोय. आजीला लाल हवा, त्याला कचऱ्याच्या ट्रकचा हिरवा.

आणि आता सगळे दाराशी आले आहेत. आजीनं दानूच्या पायांत मोजे घातले. थेसोक पाठ करून खाली बसला, आजीनं दानूला त्याच्या पाठीवर दिलं, दानूनं गळ्यात हात टाकले. "बाबा, चल!"

"गाडी राहू दे," थेसोक म्हणाला. "मी नेतो पाठीवरून."

"खूप लांब आहे," सनजू म्हणाली. "तू थकशील. फक्त आजच्या दिवस."

फक्त आजच्या दिवस. हे मी किती वेळा ऐकलंय.

दानूची आई, तुझा हात माझ्या दांडीवर आहे. मी तुझ्या तळहाताचा घाम ओळखते, तुझा श्वास ओळखते. तू मला नेलंस तर केंद्राच्या दारातूनच परत फिरशील, कारण मी आहे तोवर तुला परत फिरायला वाट आहे. माझ्यात बसून त्याचं हसणं मी ऐकलंय. ते मला सोडवत नाही. तरी सांगते, माझ्या झोळीत तो आणखी एक वर्ष वाढला तर पुढे कुठलीच खुर्ची त्याला सरळ करू शकणार नाही. मला भंगारात टाक, दुसऱ्या कुणाच्या तान्ह्याला दे, काहीही कर.

लिफ्ट आली आहे. थेसोकनं पायानं दार अडवून धरलंय. आत बायका आहेत. दानूनं त्यांना नमस्कार केला आणि तो वळून तुझ्याकडे बघतोय.

हात काढ, बाई. हात काढ.