पेटी म्हणे मला!

मी एक जुनी कॉन्सर्टिना आहे, मित्रांनो. दोन तळहातांत मावणारी, सहा कोनांची, चामड्याच्या भात्याची. मला पेटी म्हणू नका. या एका शब्दापायी माझा कचरा व्हायची वेळ आली होती.

अठराशे ऐंशीच्या सुमारास लंडनच्या एका कारागिराने मला घडवलं. पहिली नोकरी गुत्त्याला चिकटलेल्या गाणंघरात. लोक एका हाताने मटण खात, दुसऱ्याने टेबल बडवत. तिथून मी विनोदी संगीतिकांत गेले. तिथले प्रेक्षक सभ्य. शेजारी हसला तरच हसायचे. मग आल्या नाचगाण्यांच्या सुखांतिका. गाण्यापेक्षा नट्यांचे झगे बघायला बायका यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तसेच शिवायला टाकायच्या. याला म्हणे इंग्लिश संगीत नाटकाची प्रगती! वाद्यवृंद तेवढा फुगत गेला आणि मी कोपऱ्यात गेले.

अशाच एका फिरत्या कंपनीबरोबर मी योकोहामाला उतरले. आमच्या दीडशहाण्या नटांनी किमोनो घातले, तेही उजवी बाजू वर घेऊन. इकडे तसा किमोनो मढ्याला घालतात! प्रेक्षक तोंडावर हात ठेवून हसले, कंपनी बुडाली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात पाऊणशे वर्षं धूळ खात पडले.

१९९५ साली ज्योत्स्नाने मला उचललं. नवरा चंद्रशेखर याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमागे ती पुण्याहून तोक्योच्या ओजिमात आली होती. "अय्या, छोटी पेटी!" म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि वाजवलं काय, तर नाट्यपद! एकच ओळ पाव तास घोळवायची. तोवर नायक बिचारा ताटकळत उभा. यापेक्षा आमचे दारुडे बरे. पण पुण्यातली पेटी सुटल्यापासून, तीन वर्षं, ही बाई माणसांसमोर गायली नव्हती. आता तोक्योतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गायचंच, हा तिचा ध्यास. चंद्रशेखर सकाळी सातला जाई, रात्री अकराला येई. त्याने मला वाजताना कधी ऐकलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती दारातून म्हणाली, "अहो, पेटी बाहेर काढून ठेवा. मी हॉल झाडून येते."

त्या अर्धवट झोपेतल्या गृहस्थाने मला डब्यासकट नेऊन, रस्त्याकडेच्या कचऱ्यावर कावळ्यांसाठी पसरतात त्या जाळीखाली ठेवलं. गाडी आली. इथला नियम असा, की लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात, चामडं आणि पोलादी पट्ट्या न जळणाऱ्यात. हातमोजेवाल्यांनी मला उलटसुलट केलं, 'वर्गीकरण नाही' अशी चिठ्ठी डकवली आणि ते निघून गेले. जपानी शिस्तीनेच मला वाचवलं.

ज्योत्स्ना परतली ती मला जाळीखाली बघून डबा उचलून घरात धावली. "अहो, वाजवायची पेटी!"

"मग नीट सांग ना," चंद्रशेखर ओशाळून म्हणाला. "या देशात बाहेर काढून ठेवतात तो कचराच असतो."

तिने मला डब्यातून काढलं. भाता ओढला. मी वाजले. तेव्हा कुठे ती रडली.

संध्याकाळी ती गायली. मी साथ केली, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून केली. पद संपलं. गाणं आवडून पुन्हा हवं असलं की माझे इंग्रज फ्रेंचमध्ये 'आँकोर' ओरडतात, ढोंगी मेले. ही माणसं माझ्या इंग्रजीत ओरडतात. पहिली आरोळी मला कचऱ्यात टाकणाऱ्याचीच होती. "वन्स मोअर!"

मित्रांनो, कुठलीही जुनी वस्तू बाहेर ठेवण्याआधी ती कुणाचा गळा आहे, एवढं विचारा. शंभरावर वर्षांत मला कुणी पुन्हा मागितलं नव्हतं. आता पेटी म्हणा हवं तर.